मामांच्या मागे कॅमेरे

केरळातल्या ओट्टप्पालमच्या मीरा स्टुडिओचा मालक सुगतन निमिषाच्या लग्नाच्या सकाळी मंडपाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून निवांत बसला होता, आणि नेमकी हीच गोष्ट त्याच्या बायकोला, जलजाला, खटकत होती. लग्नात बसलेला सुगतन तिने आजवर पाहिला नव्हता. एरवी मुहूर्ताच्या वेळी तो व्यासपीठावर असायचा. नवरदेवाच्या खांद्यावर कोपर रोवून, नवरीच्या आजीला हलकेच बाजूला सारून, समोरच्या तमाम पाहुण्यांना आपली पाठ दाखवत उभा. त्या भागात लग्नाहून आलेल्या माणसाला नवरीच्या गळ्यात ताली, म्हणजे तिकडचे मंगळसूत्र, बांधताना पाहिली का, असे कुणी विचारत नाही. फोटोवाल्याचा शर्ट कोणत्या रंगाचा होता, एवढेच तो सांगू शकतो.

या लग्नात तसे होऊन चालणार नव्हते. निमिषाचे वडील प्रभाकरन आखातात, रास अल खैमाला नोकरीला. तिकीट काढून, लेकीसाठी बांगड्या घेऊन तयार असलेला हा माणूस निघायच्या तोंडावर जिन्यावरून घसरला आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालून पलंगाला खिळला. लग्न पुढे ढकलावे तर पुढे कर्किडकम महिना, त्यात लग्न कोण लावतो? शेवटी त्याने सुगतनला फोन केला.

"सुगता, माझ्या भावाच्या पोरीच्या लग्नात मी पहिल्या रांगेत होतो," तो म्हणाला. "मुहूर्तभर तुझा चौकडीचा शर्ट बघितला. आता मी इथं एकटा पडलोय. माझ्या पोरीच्या गळ्यात ताली पडताना मला दिसली पाहिजे. तुझा शर्ट दिसता कामा नये."

सुगतनने शब्द दिला. त्याला स्वतःलाही एक मुलगी होती. आणि फोन ठेवल्या ठेवल्याच त्याने मान वळवणारे नवे बिनतारी कॅमेरे मागवले.

कॅमेरे होतेच तसे. खांबावर बसवायचे आणि टॅबलेटवरून चालवायचे. पडद्यावर एखाद्या माणसावर बोट टेकवले की त्याच्याभोवती पिवळी चौकट यायची, आणि मग तो माणूस जाईल तिकडे कॅमेरा मान वळवायचा. तो एका कॅमेऱ्याच्या नजरेआड गेला की पुढचा कॅमेरा त्याला उचलून घ्यायचा, घरातल्या आत्या एकमेकींकडे बाळ देतात तसा. सुगतनने आपले कॅमेरे तर जोडलेच, शिवाय मंडपाच्या मॅनेजरला गोड बोलून दारावरचा, जेवणघरातला आणि मुदपाकखान्यातला कॅमेराही जोडून घेतला. चित्र व्यासपीठाशेजारच्या मोठ्या पडद्यावर, जेवणघरातल्या टीव्हीवर आणि थेट रास अल खैमाला जाणार होते.

"मुदपाकखान्यात कुणाचं लग्न आहे?" जलजाने विचारले.

"अगं, जोडला जातोय म्हणून जोडला."

"निदान हातातला एक कॅमेरा जवळ असू द्या."

"मोटार घेतल्यावर कुणी बैल बांधून फिरतं का?"

"मोटार बंद पडली की बैलच शोधायला जातात," जलजा म्हणाली. पण सुगतन तोवर पडदा स्वच्छ पुसण्यात गुंतला होता.

नवरदेवाकडची मंडळी आली ती घुश्श्यातच. घुस्सा एकट्या दिवाकरन मामांचा होता, पण नायर घराण्यात आईच्या भावाचा घुस्सा सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो. वऱ्हाड निघताना मामांना पहिल्या गाडीत जागा मिळाली नव्हती. पहिल्या गाडीत नवरदेव सजित, त्याची बहीण आणि तिचा मेकअपचा डबा. मामांना दुसऱ्या गाडीत, मांडीवर फुलांची परडी घेऊन बसावे लागले. उतरल्या उतरल्या त्यांनी जाहीर केले की भाच्यासाठी ते व्यासपीठापर्यंत येतील, पण या लग्नाचा भाताचा कण आणि पाण्याचा थेंब त्यांच्या तोंडात जाणार नाही. आता मामा जेवल्याशिवाय त्यांच्याकडचे कुणीही वडीलधारे पानावर बसणार नव्हते. सजितची आई सुलोचना भावाची मनधरणी करून रडकुंडीला आली होती, आणि बाकीची मंडळी मनातल्या मनात पायसमच्या खिरीचा निरोप घेत होती.

मुहूर्ताची वेळ झाली. नादस्वरमची सनई आणि तविलचा ढोल सुरू झाला. मामा भाच्याचा हात धरून त्याला व्यासपीठावर घेऊन आले. सुगतनने खोल श्वास घेतला आणि टॅबलेटवर सजितच्या अंगावर बोट टेकवले.

घोटाळा झाला तो इथेच, आणि त्यात एकट्या सुगतनचा दोष म्हणता येणार नाही. सजितच्या बहिणीने हौसेने आपल्याकडच्या सगळ्या पुरुषांना एकाच ताग्यातले चंदनी रेशमी शर्ट शिवले होते. खाली सगळ्यांचीच पांढरी, जरीकाठाची, लुंगीसारखी नेसलेली मुंडू. मामांचे आणि भाच्याचे नाक एकच, मिशी एकच, आणि उरलेला वयाचा फरक मामांनी आदल्या दिवशी केसांना कलप लावून मिटवला होता. बोट टेकले त्याच क्षणी मामा भाच्याची मुंडू सारखी करायला पुढे वाकले. पिवळी चौकट मामांवर बसली. दोघे चिकटून उभे होते, त्यामुळे सुगतनला वाटले की काम फत्ते झाले. त्याने प्रभाकरनला निरोप पाठवला की आता फक्त बघत राहा.

भाच्याला निमिषाशेजारी बसवून मामांनी उपरणे खांद्यावर टाकले, "माझं काम झालं," असे बहिणीला ऐकवले आणि ते व्यासपीठ उतरून चालू लागले. खांबावरच्या कॅमेऱ्याने नवरा-नवरीकडे पाठ फिरवली आणि तो मामांच्या मागे निघाला.

सुगतनने घाईने चौकट काढायला बोट टेकवले. पडद्यावर एक गोल फिरू लागला. पुन्हा टेकवले, गोल तसाच फिरत राहिला. कॅमेरे आपल्या वेगळ्या जोडणीने एकमेकांशी बोलत होते आणि चित्रही तिच्यावरूनच धाडत होते, पण त्यांना हुकूम देणारा टॅबलेट मंडपाच्या वायफायवर होता. आणि मॅनेजरने पाहुण्यांच्या सोयीसाठी त्या वायफायचा पासवर्ड दारात, गुलाबपाण्याच्या शेजारी, ठसठशीत अक्षरांत लावून ठेवला होता. सगळे ओट्टप्पालम आत येऊन त्यावर बसले होते. टॅबलेटला शिरायला जागाच उरली नव्हती, आणि कॅमेरे मिळालेला शेवटचा हुकूम इमानेइतबारे पाळत होते.

"सगळं बंद करून टाका ना," धावत आलेली जलजा म्हणाली.

"बंद केलं तर प्रभाकरनला काळा पडदा दिसेल."

"आणि आता काय दिसतंय?"

सुगतनने वर पाहिले. मोठ्या पडद्यावर मामा हॉलच्या मधल्या वाटेने ताठ मानेने चालले होते. पडदाभर मामांची पाठ. प्रभाकरनला ज्याच्यापासून वाचवायचे होते तेच, फक्त शर्ट दुसऱ्याचा. जलजाच्या हातातला फोन वाजू लागला. रास अल खैमाचा नंबर होता.

"उचलू नकोस," सुगतन म्हणाला. आयुष्यात एका बापाला एक शब्द दिला होता आणि तो शब्द उपरणे उडवत दाराकडे निघाला होता.

पडद्याकडे आता सगळ्यांचेच लक्ष गेले. मामा निघाले, मामा लग्न सोडून निघाले, अशी कुजबुज उठली. सुलोचना मटकन खाली बसली. सजितच्या हातात ताली होती. त्याने ती तशीच धरून ठेवली आणि मामा परत येईपर्यंत बांधणार नाही असे सांगितले. निमिषा त्याच्याकडे बघत राहिली. मुहूर्त सरत चालला होता. वाजवणाऱ्यांनी एक फेर वाजवला, दुसरा वाजवला, आणि मग तेही वाजवता वाजवता पडदा बघू लागले.

दारावरच्या कॅमेऱ्याने मामांना उचलले. मामा पायऱ्यांवर थांबले. उजवीकडे फाटक आणि गाड्या, डावीकडे जेवणघर. साऱ्या मंडपाने श्वास रोखला. मामांनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, नाक किंचित वर केले, आणि ते डावीकडे वळले.

मंडपात पहिल्यांदा कुणीतरी खुसकन हसले.

जेवणघरात पानांच्या रांगा मांडून तयार होत्या, माणूस एकही नव्हता. मामांनी एका पानावरून केळ्याचा एक वेफर उचलला, मग शेजारच्या पानावरून एक, बहुधा दोन्ही पाने सारखी दिसावीत म्हणून. मग ते मुदपाकखान्यात शिरले. तिथल्या कॅमेऱ्याने त्यांना अदबीने आत घेतले. आचाऱ्याने काही विचारले. मामांनी हात हलवून नको नको म्हटले, आणि तोच हात पुढे करून पालडा पायसमची वाटी घेतली. वाटी काठोकाठ भरलेली होती. मामा ती घेऊन जेवणघरातल्या एका कोपऱ्यात आले, भिंतीकडे तोंड केले आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली. कॅमेरा नेमका बाजूच्या भिंतीवर होता, त्यामुळे मोठ्या पडद्यावर त्यांचा कंठ वरखाली होताना दिसत होता. सगळा मंडप आता पोट धरून हसत होता, आणि तविलवाल्याच्या हातातली काठी गळून पडली होती.

वाटी संपवून मामा वळले, तो समोर टीव्ही. त्यावर एक मनुष्य रिकामी वाटी घेऊन उभा. अंगात त्यांच्याच घराण्याचा चंदनी शर्ट.

"हा कोण अधाशी मुहूर्ताआधीच येऊन बसलाय?" मामा आचाऱ्यावर कडाडले आणि टीव्हीकडे बोट केले. टीव्हीवरच्या माणसानेही बोट केले. मामांनी बोट खाली घेतले. त्यानेही घेतले.

मामांच्या तोंडावरचा रंग उतरताना सगळ्यांनी पाहिला. वाटी ठेवून ते निघाले ते सुसाट. मुदपाकखान्यात जावे तर तिथला कॅमेरा मान वळवून बघतोय. दारात यावे तर दारातला वाट पाहतोय. हॉलमध्ये शिरावे तर माणसे हसताहेत. मुंडू गुडघ्यापर्यंत उचलून धरलेल्या मामांना एकच गोष्ट आठवली. सकाळपासून जो तो कौतुकाने सांगत होता की या लग्नात व्यासपीठावर एकही फोटोवाला असणार नाही. कॅमेऱ्यापासून सुरक्षित अशी तेवढीच एक जागा होती. मामा थेट व्यासपीठाकडे पळत सुटले.

त्याच वेळी सुगतनही व्यासपीठावर चढत होता. टॅबलेट खुर्चीवर टाकून, हातात स्वतःचा मोबाईल घेऊन, जमेल तशी ताली टिपायची, प्रभाकरनने जन्मभर शिव्या घातल्या तरी चालेल, असे ठरवून तो सवयीने नवरा-नवरीच्या बरोब्बर पुढे जाऊन उभा राहिला.

मामा दुसऱ्या बाजूने वर आले आणि सजितच्या पाठीमागे जाऊन दडले. "बांध रे लवकर," ते धापा टाकत म्हणाले. मामा आले म्हणून सजितने ताली उचलली. खालून जलजाला दिसले की खांबावरचा कॅमेरा हळूहळू मान वळवतोय. मामांच्या मागोमाग तो व्यासपीठाकडे येत होता, आणि मामा होते नवरा-नवरीच्या अगदी मागे. मध्ये होती ती फक्त तिच्या नवऱ्याची चौकडीची पाठ.

"अहो, खाली बसा," ती ओरडली. "आहात तिथंच बसा."

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिचे एवढे झटपट कधी ऐकले नव्हते. तो बेडकासारखा मटकन बसला. पडद्यावर निमिषाची झुकलेली मान आली, सजितचे हात आले, पिवळा दोरा आला, त्यातली सोन्याची ताली आली. वाजवणाऱ्यांना भान आले आणि त्यांनी असा कडकडाट केला की छपरावरची कबुतरे उडाली. गाठ पडली. ओट्टप्पालममध्ये कित्येक वर्षांत प्रथमच साऱ्या मंडपाने ताली बांधताना पाहिली.

सुलोचनाने पदर घेऊन भावाच्या मिशीवरचे पायसम पुसले.

"गोडाला बरोबर आहे ना रे?" तिने हळूच विचारले.

"ठीक आहे," मामा म्हणाले. "जरा पातळ झालंय." आणि वडीलधारी मंडळी जेवणघराकडे धावली.

जलजाचा फोन पुन्हा वाजला. आता तो उचलण्यावाचून गत्यंतर नव्हते. सुगतनने तो कानाला लावला आणि आधीच माफी मागायला सुरुवात केली. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"माफी कसली मागतोस?" प्रभाकरन म्हणाला. "तू नुसती ताली दाखवली असतीस तर मी पाहुण्यासारखा बघून फोन ठेवला असता. नवरीच्या बापाला मुहूर्ताला बसायला मिळतं का कधी? दारात उभं राहायचं, पानं बघायची, आचाऱ्याला टोकायचं, रुसलेल्याला शोधायचं आणि धावतपळत वर जाऊन पोरीच्या गळ्यात ताली बघायची. मी सगळं केलं रे. मी तिथं होतो. मघाशी फोन केला तो मामांना अडवा म्हणून सांगायला, आणि हा केला तो तिसऱ्या पानावर लोणचं वाढलेलं नाही हे सांगायला."

सुगतनने डोळे पुसले.

"आणि दादा, शर्ट नाही ना दिसला?" त्याने शेवटी विचारले.

"शर्ट नाही दिसला," प्रभाकरन म्हणाला.

महिन्याभराने प्लास्टर निघाले आणि पडद्यावरच्या त्या क्षणाचा छापून घेतलेला फोटो रास अल खैमाच्या त्या खोलीत भिंतीवर लागला. मध्ये निमिषा आणि सजित, गळ्यात पडत असलेली ताली, मागे मिशीला पायसम लागलेले मामा. आणि खाली, चौकटीच्या कडेला, उगवत्या सूर्यासारखे तळपणारे सुगतनचे टक्कल.