केतकीबाईंनी विषाणूची मोहर शोधिली, त्याची हकीकत

श्री. जे सुईच्या अग्राहून सहस्रपट लहान असोन मोठमोठ्यांचे गर्व उतरविते, त्या सूक्ष्मास प्रथम नमन. शके १९४० विलंबीनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध पंचमीस, एका डोंगरी राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस आज्ञा नाही, म्हाळोजी बनगर म्हणोन मेंढपाळ सरकारी इस्पितळी दाखल जाहला. कुऱ्हाड लागोन त्याच्या पायाची जखम चिघळली होती, आणि तीत ऐसे जंतू ठाण मांडोन बसले होते की एकही औषध त्यांस बाधेना, आणि मग राजवैद्य भास्करपंत खांडेपारकर यांनी पाय पाहिला आणि हुकूम केला की आठवे दिवशी गुडघ्यापासून कापावा. म्हाळोजी हात जोडोन बोलिला, "वैद्यराज, जीव घ्या पर पाय ऱ्हाऊ द्या. दोनशे मेंढरं हायती, त्यांच्यामागं कुबडी घिऊन कसा धावू?"

हे वर्तमान प्रयोगशाळेच्या मुख्य केतकीबाई रांगणेकर यांचे कानी गेले. बाई अंगाने सडपातळ, बोलणे थोडे, परी हट्ट पहाडासारखा. बारा वर्षे त्यांनी एका लहानशा विषाणूची सेवा केली होती. तो माणसास काही करीत नाही. जंतूच्या पोटी शिरतो, तेथेच आपली संतती वाढवितो आणि जंतूस फोडोन बाहेर पडतो. बाईंनी जखमेतील जंतू मागविले, त्यांवर विषाणू सोडिला, आणि दुपार कलते तो जंतूंचे गढूळ पाणी निवळशंख जाहले. मग बाई नळी घेऊन थेट वैद्यराजांपुढे उभ्या राहिल्या.

पंत बोलिले, "बाई, पराक्रम पाहिला. आता आमची शंका ऐका. विषाणू आधी रिकामे कवच बांधितो, आणि मग वंशाचा धागा, ज्यास डीएनए म्हणतात, तो आत ठासोन भरितो. परंतु तेथेच जंतूचाही धागा पडला आहे. घाईत तोच भरिला तर? औषधास न जुमानण्याची विद्या त्याच धाग्यात आहे. तुमचा वीर ती विद्या दुसऱ्या जंतूंस वाटीत फिरेल. आज एक पाय जातो, उद्या अवघे इस्पितळ जाईल."

"माझा विषाणू चुकत नाही."

"हे ममता बोलते, बाई. पुरावा आणा."

बाईंस बोल लागला, परंतु शंका खरी होती हेही त्यांनी मनी जाणिले, आणि कंबर कसली. नळीत रिकामी कवचे घातली, कवचाच्या एकुलत्या दरवाजाशी बसोन धागा आत ओढणारी यंत्रे घातली, त्यांस बळ म्हणोन इंधन दिले, आणि मग विषाणूचा व जंतूचा ऐसे दोन्ही धागे समभाग सोडिले. पुढे धागा खाणारे द्रव्य ओतिले, हेतू हा की बाहेर राहील ते खाल्ले जावे आणि आत गेले तेवढेच उरावे. निकाल पाहती तो जंतूचा धागाही शाबूत! बारा वर्षांचा भरवसा बुडाला ऐसे वाटोन बाई स्टुलावर बसल्या, आणि मग आपणांसच पुसो लागल्या, "विषाणू चुकला, की मी चुकले?" उठल्या, आणि कवचावाचून उघडाच धागा त्या द्रव्यात टाकिला. तोही जैसा तैसा! म्हणजे खाणारे द्रव्यच मेलेले होते. बाई मोठ्याने हसल्या, ताजे द्रव्य आणविले, आणि तीन वेळा प्रयोग केला. तिन्ही वेळा कवचात विषाणूचाच धागा, जंतूचा मागमूसही नाही.

सहावे दिवशी पंत खासा प्रयोगशाळेत आले आणि पुसते जाहले, "चुकत नाही हे मानिले. का चुकत नाही?"

बाई बोलिल्या, "याच्या धाग्याच्या दोन्ही टोकांस एकेक प्रथिन घट्ट जडले आहे. तीच मोहर. दरवाजावरचे यंत्र मोहर पाहोन धागा आत घेते." आणि मग पंतांचे डोळ्यांदेखत त्यांनी प्रथिन विरघळविणारे द्रव्य घालोन मोहर काढिली. धागा तोच, लांबी तीच, परी कवचे रिकामीच राहिली. मोहरबंद धागा सोडिला, तो लागलाच आत गेला. पंतांनी निकालाचा कागद दोनदा पाहिला आणि बोलिले, "आमच्या देवडीवरचे पहारेकरी पालखी पाहोन मुजरा करितात, आत कोण ते पाहत नाहीत. हा इवला जीव पाहतो! बाई, आम्ही हरलो. औषध चालवा."

सातवे दिवशी जखमेवर विषाणू सोडिले. आठवे दिवशी ताप उतरला, आणि पंतांनी शस्त्रे परत कपाटात ठेवविली. पंधरवड्यात जखमेने लाल मांस धरिले, आणि मार्गशीर्षात म्हाळोजी दोन्ही पाय टेकीत प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढोन आला. "बाई, मला वाचवलं त्यो गडी दावा." बाईंनी नळी उजेडात धरिली.

"ह्यात तर कायबी दिसंना."

"दिसणार नाहीत, दादा. एका थेंबात कोटी आहेत."

म्हाळोजीने मुंडासे उतरवोन हाती घेतले आणि त्या निवळ पाण्यास वाकोन मुजरा केला. ते पाहोन केतकीबाईंनी नळी दोन्ही हातांनी धरिली, आणि सोबत आलेले पंत खिडकीकडे तोंड करोन उभे राहिले.

तात्पर्य, आपले कोणते व परके कोणते हे ज्यास दरवाजाशीच कळते, त्याची फत्ते होते. आणि चूक कोणाची हे जी आधी आपणांस पुसते, तिची त्याहून मोठी. पाहिले ते मांडिले, पदरचे काही घातले नाही.