परधानाची पंधरा वर्षं

आमच्या अंजूरचा परधान कुणाच्या दारी गेला, की आधी दारातल्या गाडीची चौकशी करतो. "किती फिरली? टर्बो का हायब्रिड?" माणसाला नमस्कार त्यानंतर.

तहसील कचेरीतून रिटायर झालेला माणूस. बायको वारली, घरात तो आणि मुलगी नंदा. आयुष्यात एकच गाडी घ्यायची, पण ती पंधरा वर्षं कुरकुर न करता चालली पाहिजे, असं ठरवून बसलाय. ठरवून तीन वर्षं झाली. दारात अजून सायकलच.

मी चौथी नापास, पण नाशिक रोडला चाळीस वर्षं ट्रक चालवला. त्याला शंभरदा सांगितलं, "टर्बोला काय व्हत न्हाय, इंजिनात हवा कोंबणारा पंखाच तो. घाट चढून आलास का लगेच बंद करू नको, मिनिटभर थंड होऊ दे. ऑइल वेळेवर बदल. बिघडायला लागला तर शिट्टी मारतो, कानाला कळतं."

"आणि हायब्रिड, दादा? त्यात गाडी मधूनमधून बॅटरीवर चालते, इंजिनाला आराम मिळतो म्हणतात."

"बॅटरी गेली का बस बोंबलत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोकं उठायचं.

माझ्या नातवाच्या हळदीला तर कहर झाला. नातवाचा मामा पडघ्याहून नव्या गाडीतून आला. मामा आहेराचं ताट धरून मांडवात उभा, आणि परधान हळदीच्या हातांनी त्याच्या गाडीचं बॉनेट उघडून आत वाकलेला.

"दादा, ह्यो कोण?" मामा म्हणाला. "माझी सर्विसिंग परवाच झालीय."

मग मी परधानाला सगळ्यांदेखत झापला. "परधान, गाडी घे न्हायतर रिक्षानं फिर. एकाहत्तरचा झालास. पंधरा वर्षांनी तू कुठं असशील?"

"मी नसेन. नंदा असेल." तो इंजिनाकडेच बघत होता. "लायसन आलंय तिचं. टर्बोनं शिट्टी मारली तर तिला कशी कळणार?"

नंदाला जन्मापासून ऐकू येत नाही. पोर माझ्या ओट्यावर खेळून मोठी झाली, आणि मी तिच्या बापाला कानाचं शहाणपण सांगत होतो.

"मंग आधी बोलायचंस ना."

"तुम्ही बोलू देता कुठं?"

टर्बोच चांगला, हे मी आजही म्हणतो. पण त्याला म्हणालो, "हायब्रिड घे."

"बॅटरी गेली तर? गॅरेजवाले तिला फसवतील. तिच्याबरोबर कोण जाणार?"

"मी जाईन."

मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. परधान हसला नाही. "बरं," म्हणाला, आणि बॉनेट हळूच लावलं.