आजींना जायचंय

वृद्धांच्या वॉर्डात परिचारिकेला बोलावायच्या घंटीचं बटण खाटेवरच्या हातापासून साधारण वीतभर लांब टांगलेलं असतं. अंतर याहून कमी असेल तर घंटी वाजते. जास्त असेल तर नातेवाइकांच्या लक्षात येतं. वीतभर अंतरावर माणूस थोडा वेळ हात पुढे करतो, मग थकतो, मग शांत होतो. ही शांती कोणत्याही औषधाने मिळत नाही. म्हणून आमच्या रुग्णालयाने तिच्यासाठी अध्यात्म विभाग उघडला.

विभागाचं काम चोख आहे. समन्वयक रोज सकाळी खाटेशी बसून डोळे मिटतात. रुग्ण गप्प राहिला तर 'स्वीकार', काही विचारलं तर 'शोध', रडला तर 'मोकळेपणा' अशी नोंद होते. चौथी शक्यता ठेवलेली नाही. समाधानाचं प्रमाण शंभर टक्के आहे. (ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने नातेवाईक समाधानी होते.)

खिडकीजवळच्या आजी हे विभागाचं सर्वांत मोठं यश. त्यांचं खुब्याचं हाड केव्हाच जुळलं आहे, कोणी हात धरला की चालतातही. त्यांना इथे ठेवायला वैद्यकीय कारण उरलेलं नाही. म्हणून आध्यात्मिक कारणासाठी ठेवलं आहे.

आजी दिवसभर एकच म्हणतात, "मला जायचंय."

समन्वयकांनी हे प्रथम ऐकलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. "किती सहज म्हणाल्या. सगळी आसक्ती गळाली की असं होतं." वॉर्डातल्या मावशी मात्र लगेच भांडं घेऊन धावल्या. त्यानंतर मावशींनाही विभागाचं प्रशिक्षण देण्यात आलं. आता त्या भांडं आणण्याआधी डोळे मिटतात.

आजींना कोणी न्यायचं, हे त्यांच्या मुलांचं बरेच दिवस ठरत नव्हतं. विभागामुळे त्यांनाही आधार मिळाला.

"दादा, ती केव्हाच वरच्या पातळीवर गेलीय रे," मुलगी म्हणाली. "तिला परत संसारात कशाला ओढायचं?"

"मग तुझ्याकडे ने. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे."

"लिफ्ट नाही आमच्याकडे."

पुढे एका व्याख्यानासाठी समन्वयकांना आजींचा अनुभव हवा होता. मुलगा-मुलगी समोर असतानाच त्यांनी पेन सरसावून विचारलं, "आजी, कुठे जायचंय? काय दिसतंय तुम्हाला?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. तो कार्यपद्धतीत बसत नाही.

"घरी," आजी म्हणाल्या. "माझी खोली दिसतेय. खिडकी उघडीच राहिलीय तिची."

मुलीने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. मुलगा त्या टांगलेल्या बटणाकडे बघत राहिला. (त्याचा राग आलेल्या वाचकांनी आपल्या घरात शेवटची रिकामी झालेली खोली आठवावी, आणि तिथे आता काय ठेवलं आहे तेही.)

"आई," शेवटी तो म्हणाला, "तिथे आता व्यायामाची सायकल आहे. आम्ही नाही नेणार तुला."

समन्वयकांनी 'मोकळेपणा' लिहिलं. कोणाचा, ते लिहिलं नाही.

"बरं," आजी म्हणाल्या. "मग बाथरूमला तरी न्या."