पार्वतम्माचा अनुक्रमांक

पावसावाचून जिल्हा चालू शकतो, आभारांवाचून चालू शकत नाही, हे कारभारातलं जुनं आणि सिद्ध झालेलं सत्य आहे. पाऊस नसेल तर टँकर आणता येतो. टँकर नसेल तर टँकरचा अर्ज घेता येतो. अर्जाचा कागद संपला असेल तर सोमवारी या म्हणता येतं. पण कार्यक्रम झाला आणि आभार राहिले, तर तो कार्यक्रम झालाच नाही असं धरतात.

आमचा जिल्हा नवा झाला त्या वर्षी पाऊस आला नाही. (या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसल्याचा खुलासा कचेरीनं कुणी न विचारता केला होता.) सगळंच नवं, म्हणून सगळ्याचंच उद्घाटन करावं लागे. कचेरीचं झालं, कचेरीच्या फाटकाचं झालं, फाटकावरच्या पाटीचं झालं, ती पाटी उलटी बसली होती म्हणून सुलट्या पाटीचंही झालं. चार महिन्यांत एकसष्ट कार्यक्रम. हारवाले दर वेळी बदलले, पाहुणे बदलले; आभार मात्र एकसष्टच्या एकसष्ट वेळा एकाच माणसानं मानले. तो म्हणजे अव्वल कारकून बसवराज.

बसवराज मूळचा उदगीरकडचा. आजोबांच्या काळात घराणं ख्रिस्ती झालं, पण नावं तीच राहिली, कारण सातबाऱ्यावरचं नाव बदलायला गेलं की तलाठी सापडत नसे. बायको पार्वतम्मा निलंग्याकडची. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. बसवराजाची ख्याती अशी, की आभाराच्या यादीत त्याच्याकडून आजवर एकही नाव राहिलं नव्हतं. साहेबांचे आभार तर कुणीही मानतो. बसवराज साहेबांच्या जीपचे मानायचा, जीपच्या ड्रायव्हरचे मानायचा, आणि वाटेत पंक्चर न झाल्याबद्दल नियतीचेही मानायचा.

त्याच्या आभाराची आकडेवारी उपलब्ध आहे. तो उभा राही तेव्हा समोर सरासरी तीनशे दहा माणसं असत, बसे तेव्हा अकरा. त्यांत सात सतरंजी उचलणारे, दोन झोपलेले, एक लाउडस्पीकरवाला आणि एक चप्पल न सापडणारा. ‘आता मी आभार’ एवढं कानावर पडलं की नव्या जिल्ह्याची जनता ढुंगण झटकत उठे. या बाबतीत जिल्हा इतका तयार झाला होता, की रडणारं लेकरू रडं थांबवून आपण होऊन आईच्या कडेवर चढे. बसवराजाला याचं वाईट वाटत नसे. मोकळ्या सतरंजीला तो उलट जास्त मोकळेपणानं बोले.

डिसेंबर लागला आणि त्याच्याच गल्लीत टँकरचं उद्घाटन निघालं. टँकर भरलेला होता, तोटीला लाल फीत बांधलेली होती, आणि घागरींची रांग मारोतीच्या पारापासून दवाखान्यापर्यंत गेली होती. रांगेत पार्वतम्मा उभी होती, तिच्यामागं शेजारच्या पंचशीलाबाई. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवऱ्याचं भाषण ऐकायची पार्वतम्माची ही पहिलीच वेळ. एरवी ती त्याच वेळी घरात पाहुण्यांचा चहा करत असे.

त्या दिवशी कुणी उठून गेलं नाही. टँकर सोडून जाणार कुठं? बसवराजाला बऱ्याच दिवसांनी समोर माणसं दिसली आणि त्याला चेव आला. त्यानं बेचाळीस आभार मानले. एक्केचाळिसावे तोटीचे. बेचाळिसावे असे : “कार्यक्रमात कुठलाही व्यत्यय न आणल्याबद्दल मी पावसाचेही आभार मानतो.”

रांगेतलं कुणी हसलं नाही. एका घागरीवर दुसरी घागर आपटल्याचा आवाज तेवढा आला.

घरी आल्यावर पार्वतम्मानं घागर उतरवली, चुंबळ खुंटीला लावली आणि विचारलं, “पावसाचे बी मानलाव?”

“मानावं लागतं. पद्धत हाय.”

“तुमच्या अंगातला सदरा कुणी धुतला? दीड तांब्यात. साहेबाचा चहा कुणी केला? माजं नाव कुटं होतं?”

“त्रेचाळीसला होतीस की,” बसवराज म्हणाला. “शेवटचं वाक्य ऐकलं न्हाईस का? ज्यांची नावं राहिली असतील अशा सर्व ज्ञात-अज्ञात हातांचे. त्यात तू हाईस.”

“ज्ञातात का अज्ञातात?”

एकसष्ट कार्यक्रमांत ही शंका कुणी काढलेली नव्हती.

“बरं,” पार्वतम्मा म्हणाली. “आता नाताळ येयलाय. तुमच्या साहेबाला बलवा, पाळकसाहेबाला बलवा, कुणाला बलवायचं त्याला बलवा. फराळ मी करते. करून पत्र्याच्या पेटीत घालते आन् कुलूप लावते. सगळ्यांसमोर माजे आभार मानायचे, आन् पयल्या नंबराला. मग किल्ली.”

“आगं, साहेब बसल्यावर पयला नंबर साहेबाचा असतो.”

“मग साहेबालाच करंज्या लाटाय सांगा.”

इथं पार्वतम्माच्या तयारीचं वर्णन करणं भाग आहे, कारण कचेरीला चार महिन्यांत जो टंचाई आराखडा जमला नव्हता तो तिनं चुलीपुढं बसून अर्ध्या दिवसात केला. घराच्या चार भिंतींपैकी पाहुण्यांच्या खुर्च्या जिकडं तोंड करून असणार होत्या ती एकच भिंत चुन्यानं पांढरी करायची. (उरलेल्या तिन्हींकडं पाहुण्यांची पाठ असल्यानं त्या पांढऱ्या असल्याचं गृहीत धरण्यात आलं.) शंकरपाळ्यांना पाणी लागतं, तेव्हा पंचशीलाबाईंनी शाळेतून येताना कळशीभर पाणी आणलं तरच शंकरपाळ्या; चिवड्याला लागत नाही, तेव्हा चिवडा भरपूर. आणि केकलाही लागत नाही. दुष्काळात केकइतका सोशिक पदार्थ दुसरा नाही. त्याला लागते वाळू. मोठ्या पातेल्यात नदीची वाळू तापवायची, तिच्यावर केकचा डबा ठेवायचा, वर झाकण, झाकणावर निखारे. इतर वर्षी नदीत पाणी असल्यामुळं वाळूची पंचाईत व्हायची. या वर्षी नदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाळूच होती, तीही कोरडी, भाजायला तयार. प्रत्येक आपत्तीत संधी असते असं मोठे लोक म्हणतात. पार्वतम्मानं तीन घमेली संधी डोक्यावरून वाहून आणली.

नाताळची चांदणी घरचीच. फुटक्या टोपलीच्या कामट्या, कणकेची खळ, आणि पतंगाचा लाल कागद, तो मात्र नांदेडहून एस.टी.नं आणवलेला. नऊ दिवस दोघी बायका करंज्या करत बसल्या.

“बाई, मास्तरीणबाई, तुमच्यात नाताळ न्हाई आन् तुमी कशाला खपायलाव?” पार्वतम्मानं विचारलं.

“तुमी आमच्या जयंतीला खिरीचं पातेलं हलवत बसताव तवा इचारलं का मी?” पंचशीलाबाई म्हणाल्या. “लाटा. आन् त्यायला आभार मानाय लावलाव तर माजं नाव चवेचाळीसला घालू नका मनावं.”

बसवराज हे सगळं ऐकत होता. एरवी तो करंजीचा तळलेला पहिला घाणा चाखायचा मानकरी. या वर्षी घाणा तळला की पेटीत, कुलूप, आणि किल्ली कमरेला.

जबाबदार नोकर पेचात सापडला की जे करतो तेच त्यानं केलं. वरिष्ठांचं मार्गदर्शन मागितलं. वरिष्ठ म्हणजे व्यंकटराव साहेब. बसवराजाची बढती त्यांच्या शेऱ्यासाठी थांबलेली. अर्जाचा विषय होता, ‘घरगुती कार्यक्रमात पत्नीचे आभार मानताना अनुक्रमांक निश्चित करणेबाबत.’

कचेरी दिरंगाई करते हा अपप्रचार आहे. हा अर्ज सहा दिवसांत चार टेबलं फिरून आला. (चारही टेबलांना फराळाचं निमंत्रण होतं.) एका टेबलानं लिहिलं, पत्नी हे पद राजपत्रित नसल्यानं पहिला क्रमांक देता येणार नाही. टंचाईच्या टेबलानं विचारलं, सदर महिला रोजगार हमीच्या हजेरीपटावर आहे काय? पुरवठ्यानं डालडा किती लागला याची माहिती मागवली. चौथ्या टेबलानं लिहिलं, जिल्हा नवा असल्यानं आपल्याकडे दाखला नाही. जुन्या जिल्ह्यास विचारावे. जुन्या जिल्ह्याचं उत्तर फोनवरच आलं. निजामाच्या वेळेपासूनचं दफ्तर धुंडाळलं. नवऱ्यानं बायकोचे आभार मानल्याचा एकही दाखला आढळून येत नाही.

व्यंकटराव साहेबांनी शेरा मारला, ‘प्रचलित पद्धतीनुसार.’ आणि तोंडी म्हणाले, “बसवराज, आमची बी बायको हाय. तू एकदा ही वाट पाडलीस की सगळ्या जिल्ह्यात रोज आभार मानावे लागतील. काम कवा करायचं?”

पंचवीस तारखेला सकाळी ख्रिस्ती देवळात उपासना झाली आणि मंडळी अंगणात येऊन बसली. मोजून अठ्ठावन्न. वर चादरींचा मांडव, लिंबाला लाल चांदणी, समोर पांढरी भिंत. पहिल्या खुर्चीवर व्यंकटराव साहेब, शेजारी पाळकसाहेब अमृतराव. आतून केकचा असा वास येत होता, की साहेबांनी दोनदा आवंढा गिळला आणि दोन्ही वेळा खोकल्यासारखं केलं. दाराच्या आत पेटी होती. पेटीवर पार्वतम्मा बसली होती.

बसवराज उभा राहिला. खिशात दोन याद्या होत्या. उजव्या खिशात साहेब पहिले, डाव्या खिशात पार्वतम्मा पहिली. त्यानं साहेबांकडं पाहिलं, बढती दिसली. दाराकडं पाहिलं, पेटी दिसली. आणि पेटीवर बसलेलीच्या हाताला झाकणाच्या निखाऱ्यानं उठलेला फोड दिसला. त्यानं डाव्या खिशात हात घातला. नव्या जिल्ह्यात त्या दिवसापर्यंत कुणी इतकी हिंमत केली नव्हती.

तो खाकरला. म्हणाला, “आता मी आभार...”

अठ्ठावन्न माणसं उठली.

त्यांचा दोष नाही. चार महिन्यांची सवय. साहेब सर्वांत आधी उठले, कारण जीप वळवायला वेळ लागतो. पाळकसाहेबांना वाटलं आपलंच काही चुकलं. त्यांनी घाईघाईनं आशीर्वाद दिला आणि तेही निघाले. कुणी म्हणालं, “फराळ?” दुसरा म्हणाला, “झाला असंल की, आभार सुरू झालेत.” तीन मिनिटांत अंगणात चादरी, खुर्च्या आणि बसवराज एवढंच राहिलं. या वेळी चप्पल न सापडणारासुद्धा नव्हता.

दुसरा कुणी असता तर खाली बसला असता. पण बसवराजाचा मोकळ्या सतरंजीचा सराव दांडगा. त्यानं यादी उघडली.

“अनुक्रमांक एक,” तो म्हणाला. “पार्वतम्मा.”

आणि अडला. पुढचं वाक्य त्याला एकच येत होतं. एकसष्ट वेळा म्हटलेलं. तेच आलं.

“आपल्या व्यस्त कार्यक्रमातून अमूल्य वेळ काढून... बावीस वर्षं उपस्थित राहिल्याबद्दल...”

दारात हालचाल झाली. पार्वतम्मा पेटीवरून उठून चौकटीला टेकून उभी होती. तिच्यामागं पंचशीलाबाई, हाताला पीठ.

“थांबलाव कशाला?” पार्वतम्मा म्हणाली. “टँकरला चाळीस मिनटं बोललाव.”

मग तो बोलला. वाळूच्या तीन घमेल्यांबद्दल बोलला. दीड तांब्यात धुतलेल्या सदऱ्याबद्दल. एकसष्ट कार्यक्रमांच्या चहाबद्दल, जो करताना भाषण कधी ऐकू आलं नाही. हाताच्या फोडाबद्दल बोलताना त्याचा आवाज थोडा घसरला, तर त्यानं लाउडस्पीकर बिघडल्यासारखं इकडंतिकडं पाहिलं, लाउडस्पीकर नव्हताच. अनुक्रमांक दोनला त्यानं पंचशीलाबाईंचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, “आता बरं,” आणि आत गेल्या.

पार्वतम्मानं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, एक करंजी आणून त्याच्या हातावर ठेवली. “आदी ही खावा. तोंड सुकलंय. मग फुडचं बोला.”

दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली आणि माणसं डबे घेऊन दारात आली. पार्वतम्मानं सगळ्यांचं स्वागत केलं. अट मात्र तीच ठेवली. आधी घरी जायचं, बायकोचे आभार मानायचे, पहिल्या नंबराला, मोठ्यानं. बायकोनं येऊन तसं सांगितलं की डबा भरून मिळंल. लग्न झालेले पाहुणे चाळीस होते. त्यांतल्या तेरांनी मानले. नऊ जणांनी मुदत मागितली. सतरा जणांना त्याच सकाळी आपल्याला साखरेचा आजार असल्याचं आठवलं. आणि व्यंकटराव साहेबांनी आपल्या पत्नीचे आभार मानायला शिपाई पाठवला.

(बसवराजाची बढती पुढं चार वर्षं थांबली. ती झाली त्या कार्यक्रमाचे आभार त्यानंच मानले.)

आता हे वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी एवढं करावं. वाचता वाचता तुमच्या हाताशी कुणीतरी चहाचा कप आणून ठेवलेला असेल. तो कधी आला, कुणी ठेवला, तेव्हा तुम्ही मान वर केली होती का, हे आठवून पाहावं. आठवत नसेल तर कप ठेवणारी ज्ञात की अज्ञात, ते तुमचं तुम्ही ठरवा. मुदत मागणाऱ्या नऊ जणांचे डबे अजून ठेवलेत म्हणतात. दहावा ठेवायला पार्वतम्माची ना नाही.

राहता राहिले वाचकांचे आभार. ते मानायची रीत आहे आणि मी मानणारच होतो. पण पाहतो तो काय, नुसता शब्द दिसला आणि पान उलटायला तुमचं बोट ओलंसुद्धा झालं. एवढ्या दुष्काळात.