तितंच चुका

ठेक्यात वाजवलं म्हणून वादकाला झापणारा बँडमास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. राजय्या मास्तर. सोलापुरात भवानी पेठेत आम्ही भाड्याने राहायचो, आमच्या खोलीला लागूनच त्यांचं घर. तिथे भर दुपारी त्यांच्या बँडची तालीम चालायची. साइड ड्रमवाला शिवप्पा जीव ओतून बिनचूक ठेका धरायचा आणि मास्तर कपाळावर हात मारून घ्यायचे.

“पुन्ना बराबर वाजीवलास की रे! किती बारी सांगायचं? तिसऱ्याला चुकायचं!”

“मास्तर, हे वाजवायचं हाय का चुकायचं हाय?” मंद्रूपहून सायकल मारत आलेला शिवप्पा रडकुंडीला यायचा.

“चुकायचं. पन दर बारीला तितंच चुकायचं. आज हितं, उद्या तितं, असं न्हाय चालनार. तितंच चुका!”

हे “तितंच चुका” भिंतीपलीकडून इतक्या वेळा यायचं की ऑफिसात बेरीज करतानाही ते माझ्या डोक्यात घुमायचं. मी पाटबंधारे खात्यातला कारकून, मूळचा रत्नागिरीकडचा. सोलापूरला बदली झाली तेव्हा लोकांनी मला तिथल्या उन्हाची, पाण्याची आणि तिखटाची भीती घातली होती. बँडची कोणी घातली नव्हती. शिवाय आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी अशा चार भाषा एकाच नळावर भांडायच्या. त्यातली आम्हा नवराबायकोला एकच कळायची आणि तीसुद्धा तिथल्या तोंडून निम्मीच. त्यामुळे गोंधळून जाणं हे आमचं रोजचंच काम झालं होतं.

मास्तर बुटके, मिशा कोरून काढल्यासारख्या, अंगात बँडचा तांबडा कोट आणि खाली लुंगी. पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा मी दारातून पाऊल टाकतो न टाकतो तोच ते ओरडले, “वाकून, सायेब, वाकून! गळा कापल!”

पाहिलं तर खोलीतून आडवी एक तपकिरी फीत ताणलेली. एका टोकाला स्टुलावर स्पूलचा टेपरेकॉर्डर. फीत त्यातून निघायची, खिडकीच्या गजाला बांधलेल्या सुताच्या रिकाम्या कांडीला वळसा घालायची आणि परत मशिनीत शिरायची. सुरुवातही नाही, शेवटही नाही. मशिनीतून आवाज येत होता: खट्-खटाक्, खट्-खटाक्, खट्… टाक्. पुन्हा खट्-खटाक्, खट्-खटाक्, खट्… टाक्.

मी गाणं सुरू व्हायची वाट पाहत बसलो. चहा आला, संपला. दुसरा कप आला, तोही संपला. शेवटी न राहवून विचारलं, “मास्तर, गाणं कधी सुरू होणार?”

“हेच की,” मास्तर म्हणाले. “कसं वाटलं?”

“छान आहे,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“छान न्हाय हो पायजे. माग पायजे. माग वाटला का?”

मला काहीच वाटलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा थोडा उलगडा झाला. त्यांचे वडील, म्हणजे नायना, त्याच खोलीत हातमागावर बसायचे. एक पाय अधू. त्यामुळे दर तिसऱ्या दाबाला पाय मागे राहायचा आणि मागाचा ठेका लंगडायचा. पोरानं माग सोडून क्लॅरिनेट धरली याचा त्यांना असा राग, की मरेपर्यंत त्यांनी बँडचं नाव तोंडातून काढलं नाही. सिनेमाची गाणी रेडिओवरून उतरवून बँडला शिकवायची म्हणून मास्तरांनी हा टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा पहिल्याच दिवशी चुकीचं बटण दाबलं गेलं आणि नायनांचा माग टेप झाला. पुढे त्यावर गाणी चढली. हा तुकडा तेवढा शेपटाला उरला होता.

नायना गेले. माग विकला, पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली. आणि मग अम्मांचं, म्हणजे मास्तरांच्या आईचं, डोकं हळूहळू पुसलं जायला लागलं. पहिल्यांदा त्या काय विसरल्या असतील, तर नवरा गेल्याचं. खोली गप्प दिसली की उठायच्या आणि शोधत निघायच्या. एकदा पार मार्केटापर्यंत गेल्या, भेटेल त्याला तेलुगूत विचारत. मास्तरांनी तो तुकडा कापला, टोकाला टोक चिकटवून मशिनीला लावला. माग सुरू झाला तशा अम्मा चुलीपाशी शांत बसल्या. तेव्हापासून ते मशीन सकाळपासून दिवे लागून गेले तरी चालायचं. लग्नसराई होती, मास्तर रोज संध्याकाळी वरातीला जायचे, तेव्हा माझी बायको अम्मांजवळ बसायची.

पण त्या फितीचा रोज थोडा भुगा व्हायचा. मशिनीखाली तपकिरीसारखी पूड साचायची आणि तेवढाच माग कमी व्हायचा. आधी इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याची सळसळ गेली. मग धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका बोदा झाला. मी शिकलेला माणूस, मी लगेच सल्ला दिला, “दुसऱ्या टेपवर उतरवून घ्या.”

“घेतलं की,” मास्तर खिन्न होऊन म्हणाले.

घेतलं होतं खरंच. दुसरं मशीन मागून आणून समोरासमोर ठेवलं होतं. पण नेमका त्याच वेळी गल्लीत कुल्फीवाला आला आणि मागाबरोबर त्याची हाळीही टेपवर चढली. ही फीत लावली त्या दिवशी खट्-खटाक् झालं की “कुल्फीय”, खट्-खटाक् झालं की “कुल्फीय”. अम्मा दर वेळी वाटी घेऊन दारात. कुल्फीवाला दिसेना, म्हणून परत आत. बसतात न बसतात तो पुन्हा “कुल्फीय”. दुपारपर्यंत त्या बिचाऱ्या दमल्या आणि मास्तरांनी ती फीत चुलीत घातली. मागून आणलेलं मशीनही तोवर मालकानं परत नेलं होतं.

“आता एकच विलाज,” ते म्हणाले. “जितं हाय तवर बँडला शिकवून ठिवायचं. फीत झिजंल, मानूस कसा झिजंल?”

असा हा सगळा खटाटोप. धोट्याच्या जागी खुळखुळा, फणीच्या ठोक्याला कापड गुंडाळलेला साइड ड्रम, लाकडाच्या कुरकुरीला जाड आवाजाचं युफोनियम, दोरीच्या चिवचिवाटाला खुद्द मास्तरांची क्लॅरिनेट. ट्रंपेटवाले कासीमभाई सगळ्यांत वयस्कर, वरातीचे हुकमी एक्के. त्यांना काम मिळालं ते गप्प बसण्याचं. फितीत मधे कुठेतरी नायनांचा धागा तुटायचा आणि तो जोडेपर्यंत माग थांबायचा. तेवढा थांबा कासीमभाईंकडे.

“मास्टर, इसमें मेरा काम क्या जी?”

“तुमी गप्प बसनार. पन वाजवल्यासारकं गप्प. ट्रंपेट तोंडाला. सगळ्यांनी तुमच्याकडं बगायचं, तुमी खाली केलं की सुरू.”

कासीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. पण म्हातारा इमानी. पुढे रोज दुपारी गाल फुगवून, डोळे मिटून असा काही गप्प बसायचा की घाम फुटायचा.

या तालमींचा परिणाम कुठेतरी दिसणारच होता. तो टेंभुर्णीच्या एका लग्नात दिसला. वरात रंगात आलेली, नवरदेव घोड्यावर, पोरं नाचतायत, आणि शिवप्पाचा हात आपोआप लंगडला. दर तिसऱ्याला नाचणारे एकमेकांवर आपटू लागले. घोडासुद्धा गोंधळून अडखळला आणि नवरदेवाचा फेटा डोळ्यांवर आला. मुलीचा मामा धावून आला, “अवो मास्तर, वऱ्हाड पाडताय व्हय?” मास्तरांचा चेहरा मात्र उजळलेला. “सायेब,” दुसऱ्या दिवशी नळावर त्यांनी मला गाठून सांगितलं, “शिवप्पा आपसूक चुकला! बगा, न सांगता चुकला की!” आणि आनंदाने त्यांनी माझ्या बादलीत स्वतःची बादली ओतली.

हे सगळं हसण्यासारखं होतं, आम्ही हसतही होतो. पण घरात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. अम्मा जेवत नव्हत्या. माग ऐकत शांत बसायच्या, भात शिजवायच्या, ताटं वाढायच्या आणि त्यावर झाकण ठेवायच्या. माझी बायको घास पुढे करायची, त्या तोंड फिरवायच्या. रात्री मास्तर वरातीहून येऊन हातापाया पडायचे, तेव्हा दोन घास जायचे. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, ताकदीची सुई दिली. अम्मा दिवसेंदिवस वाळत चालल्या. नवरा आहे असं समजून पुन्हा भरलेल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मास्तर मला म्हणायचे, “मागामुळं तर जीव थाऱ्यावर हाय, सायेब. मग खात का न्हाय?” मला तरी काय कळणार? माझ्या बायकोला वाटायचं, भाताला चव नसेल. तिने आपलं कोकम घालून सार करून नेलं, तेही तसंच राहिलं.

आणि एका सकाळी मशिनीतून नुसती हवा आली. फीत फिरत होती, आवाज नव्हता. दुपारपर्यंत अम्मा दोनदा रस्त्यावर गेल्या.

त्या संध्याकाळी मात्र लग्नाची तिथ नव्हती. मास्तरांनी सगळा बँड बोलावला, पुऱ्या ड्रेसात. मग बूट बाहेर काढायला लावले. अनवाणी, तांबड्या कोटातली ती माणसं फरशीवर रांगेत बसली. आम्ही दोघं दाराशी. अम्मा आत चुलीपाशी, अस्वस्थ. मास्तरांनी मान हलवली.

पहिल्यांदा मला काहीच समजलं नाही. खुळखुळा सळसळला, ड्रम बोदा वाजला, कोणीतरी कुरकुरलं. असा बँड मी कधी ऐकला नव्हता. त्यात गाणंही नव्हतं आणि वरातही नव्हती. मग शिवप्पा चुकला. पुन्हा तिथेच चुकला. आणि मला त्या खोलीत माग ऐकू यायला लागला. कासीमभाईंनी ट्रंपेट ओठाला लावली, सगळे थांबले. धागा जोडला. पुन्हा सुरू.

अम्मा आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणाकडेच न बघता फरशीकडे बघत होत्या, जिथे खड्डा होता तिथे. आणि म्हणाल्या, “चालु.”

शिवप्पा खुलला. “अम्मा चालू म्हनती की!” म्हणत त्याने दणकून वाजवायला घेतलं.

“चालु, चालु,” अम्मा म्हणाल्या. बँडला आणखी जोर चढला.

मास्तरांची क्लॅरिनेट मात्र तोंडापासून खाली आली होती. माझी बायको त्यांना कौतुकाने म्हणाली, “रोज हेच म्हणतात हो अम्मा. दिवे लागले की ‘चालू, चालू’. म्हणून तर मी कधी मशीन बंद केलं नाही.”

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हात वर केला. बँड थांबला.

“वैनी,” ते अगदी हळू म्हणाले, “आमच्यात चालु म्हनजे पुरे. बास. ती नायनाला सांगती, पुरे कर आता, जेवायला ऊठ.”

नायना उठल्याशिवाय त्या बाईनं जन्मात कधी घास घेतला नव्हता, आणि त्या मशिनीतला नायना उठायचं नावच घेत नव्हता. त्या रोज सांगत होत्या आणि आम्ही रोज तो माग चालू ठेवत होतो, त्यांच्या भल्यासाठी. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला.

अम्मा आत गेल्या. झाकण काढल्याचा आवाज आला. मास्तरांनी तांबडा कोट उतरवून कासीमभाईंच्या हातात दिला, मोरीत जाऊन पाय धुतले आणि चुलीपाशी जाऊन पाटावर बसले. आतून भात कालवल्याचा, मधूनच तेलुगू बोलण्याचा आवाज येत होता. बोलणं आम्हाला कळत नव्हतं. पण अम्मा जेवत होत्या, एवढं कळत होतं. कासीमभाई तो कोट मांडीवर घेऊन ढसाढसा रडत होते.

त्यानंतर लग्न नसेल तेव्हा सगळा बँड आणि असेल तेव्हा गल्लीतलं कोणीतरी खुळखुळा आणि डबा घेऊन दिवेलागणीला तिथे बसायचं, अम्मा “चालु” म्हणेपर्यंत. मीही बसलो आहे. मला ते चुकणं कधीच नीट जमलं नाही.

पण त्या पहिल्या संध्याकाळचं मला राहून राहून वाटत होतं. दुसऱ्या दिवशी नळावर मी मास्तरांना विचारलं, आत एवढं काय बोलणं चाललं होतं?

मास्तर बादलीकडे बघत म्हणाले, “ती मला नायनाच समजली की. जेवता जेवता म्हनाली, पोरगा अजून बँडवरनं आला न्हाय, त्याचा भात झाकून ठिवते. म्हनाली, तुमी त्याच्यावर लई रागावता, आज आला की काय बोलू नका.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

त्यांनी बादली उचलली, परत खाली ठेवली.

“म्हटलं, न्हाय बोलत. बरं वाजवतंय पोरगं.”