छत्रीचा कावळा

जी वस्तू घरी तयार होऊ शकते ती बाजारातून विकत आणणे हा मनुष्याच्या दोन्ही हातांचा अपमान आहे, असे चंद्रहास राऊत यांचे ठाम मत होते. आणि सेवानिवृत्तीनंतर या मताला हातपाय पसरण्यास भरपूर जागा मिळाली होती. फुलपाड्यातील त्यांच्या घरात जुन्या पॅन्टच्या पिशव्या, करवंट्यांचे दिवे आणि मोडक्या शिलाई मशीनचे स्टूल अशी बरीच प्रजा नांदत होती. आलेले पाहुणे या सर्वांचे मनापासून कौतुक करीत आणि स्टुलावर मात्र शक्यतो भार न देता बसत.

त्या वर्षी थंडी ओसरून ऊन कडक होताच चंद्रहासरावांनी सुकेळी करण्याचा संकल्प सोडला. पिकलेली केळी सोलून, कित्येक दिवस उन्हात वाळवून तयार होणारा हा मधासारखा गोड खाऊ वसुंधराबाईंच्या आगाशीच्या माहेराहून दरवर्षी येत असे. यंदा चंद्रहासरावांनी मेहुण्यास फोन करून कळवले, की यापुढे आपण तसदी घेऊ नये. आता आम्हीच पाठवू.

"त्याला राजेळी केळी लागतात," वसुंधराबाई म्हणाल्या.

"वाळल्यावर केळ्याची जात कोण विचारतो?"

"माझी आई विचारते."

परंतु संशोधकाने सासूबाईंना भिऊन चालत नाही. चंद्रहासरावांनी नाक्यावरची साधी केळी आणली. भंगारात निघालेल्या पलंगाची फळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे मांडली आणि तिने ऊन शोषून घ्यावे या हेतूने दाराचा उरलेला काळा ऑइलपेंट तिला दोन्ही बाजूंनी फासला.

"अहो, याला वास येतोय."

"वास उडून जातो, रंग राहतो. हे शास्त्र आहे."

वरून नातवाच्या पाळण्याची मच्छरदाणी ताणली. फुलपाड्यातील कावळ्यांनी ती पहिल्याच सकाळी फाडली. तेव्हा चंद्रहासरावांना आठवले, की किनाऱ्यावर मासळी सुकवणारे लोक बांबूला एक मेलेला कावळा उलटा टांगतात, आणि मग त्या वाळवणाकडे दुसरा कावळा फिरकत नाही. मेलेला कावळा मिळवणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. म्हणून त्यांनी तो बनवला. मोडक्या छत्रीचे काळे कापड, पोटात जुने मोजे, करवंटी घासून केलेली चोच आणि तारेचे पाय. एका पायाने बांबूला उलटा टांगल्यावर तो इतका मेलेला दिसू लागला, की खुद्द निर्मात्याला क्षणभर वाईट वाटले.

परिणाम अद्भुत झाला. त्या आळीतील यच्चयावत कावळे समोरच्या इमारतीच्या केबलच्या तारेवर जाऊन बसले आणि तेथून या इमारतीकडे केवळ दुःखाने पाहू लागले. चंद्रहासरावांचा आत्मविश्वास वाढला. मच्छरदाणीने ऊन अडते असे ठरवून त्यांनी तीही काढून टाकली.

याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रंभाबाई राहत असत. त्यांचे यजमान रामनाथ यांना जाऊन वर्ष होत आले होते. थोरला मुलगा विघ्नेश नालासोपाऱ्याला आणि धाकटा हितेश बोरिवलीला. वर्षश्राद्ध आटोपले की आईचे हे घर विकायचे आणि आईने सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे राहायचे, असे दोघा भावांचे ठरले होते. रंभाबाईंना कोणी विचारले नव्हते. जिन्यात भेटल्या असता त्या वसुंधराबाईंना एवढेच म्हणाल्या होत्या, "आता आयुष्यभर बॅग भरायची नि बॅग उघडायची. खिडकी आपली कोनती ते समजायच्या आत सहा महिने संपतात."

वर्षश्राद्धाच्या दिवशी राऊत दांपत्यालाही जेवायला बोलावणे होते. पिंडदान झाले, पाने मांडली गेली, आणि काकबळीचे पान घेऊन विघ्नेश, हितेश व गुरुजी गच्चीवर आले. कठड्यावर भात, वडा, खीर असे पान ठेवून सर्व जण मागे सरले. रंभाबाईंना टाकीच्या सावलीत खुर्ची दिली होती. चंद्रहासराव मागे हात बांधून, शेजाऱ्याला शोभेल अशा गांभीर्याने उभे होते.

कावळा आला नाही.

"काव काव" असे विघ्नेशने केले, मग हितेशने केले. समोरच्या तारेवर कावळ्यांची रांग होती. ते पाहत होते, मान वाकडी करत होते. परंतु एकही उडत नव्हता.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले.

विघ्नेशने धावत जाऊन तंबाखूची पुडी आणली व पानाशेजारी ठेवली. कावळा हलला नाही. हितेशने मोबाइलवर वडिलांच्या आवडीचे भजन लावले. दोन कावळे आणखी मागे सरकले.

"बाबा, तुमची स्कूटर मी न विचारता विकली," हितेश हात जोडून म्हणाला. "चुकलं माझं."

"ती तू विकलीस?" विघ्नेश म्हणाला. "मला तर म्हणालास चोरीला गेली."

"दादा, आत्ता नको."

"गुरुजी, दर्भाचा कावळा करून भागत नाही का?" एका नातेवाइकाने जिन्यातून विचारले, कारण खाली भात निवत होता.

"भागतं. पण मग मनात राहतं," गुरुजी म्हणाले आणि घड्याळ पाहिले. त्यांना मनवेलपाड्याला वास्तुशांतीस जायचे होते.

इतक्यात वसुंधराबाई वर आल्या. त्यांनी पान पाहिले, तार पाहिली, आणि नवऱ्याला बाहीला धरून बाजूला घेतले.

"तो तुमचा टांगलाय ना अजून?"

चंद्रहासरावांनी टाकीकडे पाहिले. एका दिवंगत आत्म्याच्या वाटेत आपण छत्री उघडून उभे आहोत ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

"आधी काढा तो. माणसं उपाशी आहेत. म्हातारी सकाळपासून नुसत्या चहावर आहे."

ते पाय न वाजवता टाकीमागे गेले. त्यांनी बांबूला हात घातला. आणि पलीकडून विघ्नेशचा दबका आवाज आला.

"हितेश, घराचं तर नसेल?"

"गप रे."

"नाही, बाबांनी किती हौसेनं घेतलेलं. आईला इथून हलवू नका म्हणाले होते, तूही होतास तिथं."

चंद्रहासरावांचा हात बांबूवर थांबला. टाकी आणि भिंत यांमधल्या फटीतून त्यांना रंभाबाई दिसत होत्या. त्या मुलांकडे पाहत नव्हत्या. मांडीवरच्या दोन हातांपैकी एकाने त्यांनी दुसरा धरून ठेवला होता, जसे रस्ता ओलांडताना लहान मुलाला धरतात.

चंद्रहासरावांनी उभ्या आयुष्यात कुणाला फसवले नव्हते. आताही ते काही खोटे बोलणार नव्हते. एक गाठ सोडणार होते, किंवा जरा उशिरा सोडणार होते. एवढ्या लहानशा उशिराला पाप म्हणतात की पुण्य, हे त्यांनी कोठे वाचलेले नव्हते. त्यांनी गाठ तशीच ठेवली.

"काय करताय?" मागोमाग आलेल्या वसुंधराबाई कुजबुजल्या.

"गाठ सुटत नाही."

"तुम्हीच मारलेली ना?"

"म्हणूनच."

वसुंधराबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, फटीतून पलीकडे पाहिले, आणि पदर सावरत त्या नवऱ्याला आडोसा करून उभ्या राहिल्या.

पलीकडे विघ्नेशने हात जोडले. "बाबा, घर विकत नाही. आई इथंच राहील."

हितेशने तारेकडे पाहिले, कठड्यावरच्या न शिवलेल्या पानाकडे पाहिले, आईकडे मात्र पाहण्याचे टाळले. आणि अखेरीस पायाच्या अंगठ्याने गच्चीची फरशी उकरीत म्हणाला, "नाही विकत. आई राहील. शब्द."

चंद्रहासरावांची गाठ एका क्षणात सुटली. छत्रीचा कावळा त्यांनी सदऱ्याखाली दडवला व ते निरागस चेहऱ्याने, किंचित फुगलेल्या पोटाने पुढे येऊन उभे राहिले.

तार रिकामी झाली. इतके दिवस दुःखात काढलेला तो समुदाय काळ्या ढगासारखा आला, कठड्यावरच्या पानावरून थेट पुढे गेला, आणि टाकीमागच्या सुकेळ्यांवर तुटून पडला.

सारे जण टाकीला वळसा घालून धावले. हितेश सर्वांत आधी भानावर आला.

"बघ दादा. बाबांना सुकेळी हवी होती. आपण उगाच घरापर्यंत गेलो."

"बाबा सुकेळी खायचे?"

दोघांनी आईकडे पाहिले. चंद्रहासरावांनीही पाहिले. या क्षणी या माउलीने 'नाही' एवढा एकच शब्द उच्चारावा म्हणून त्यांनी मनातल्या मनात नवस बोलण्यास प्रारंभ केला.

"खायचे की," रंभाबाई म्हणाल्या. "आवडीनं खायचे."

त्या खोटे बोलल्या नाहीत, याचे चंद्रहासरावांना तशाही स्थितीत आश्चर्य वाटले. हितेशच्या खांद्यांवरून मोठा भार उतरल्याचे स्पष्ट दिसत होते. "म्हणजे इच्छा पूर्ण झाली," तो गुरुजींना म्हणाला. "आता घराचं आपण नंतर शांतपणे..."

तेव्हा सर्वांत थोराड कावळ्याने एका सुकेळ्याचा तुकडा तोडला. चोचीत घोळवला. थांबला. मग मान जोराने झटकून त्याने तो तुकडा दूर फेकला आणि चोच फळीच्या कडेला पुसली. परंतु फळीलाही तोच ऑइलपेंटचा वास होता, म्हणून ती त्याने टाकीच्या भिंतीवर पुन्हा पुसली. दुसऱ्याने चाखले, टाकले. तिसऱ्याने नुसता वास घेतला. त्यानंतर तो थोराड कावळा दोन उड्या मारून कठड्यावर गेला आणि पानावरचा वडा उचलून चालता झाला. त्याच्यामागून बाकीचे भातावर उतरले.

गुरुजींनी हात जोडले. "सगळ्यांनी पाहिलं. सुकेळी नाकारली आणि पान स्वीकारलं. यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं असतं माणसानं?"

हितेश खाली जाऊन जेवायला बसला. विघ्नेशने आईला हाताला धरून जिना उतरवला आणि ती कोणत्या खोलीत झोपते, पंखा नीट चालतो का, हे वर्षात प्रथमच विचारले.

वसुंधराबाईंनी फळीवरचे एक सुकेळे उचलून हुंगले व परत ठेवले. "आगाशीला मी फोन करते," त्या म्हणाल्या. "दादाला सांगते, पाठव."

"त्याला कारण काय सांगशील?"

"फुलपाड्यातल्या कावळ्यांचं मत."

दुपारी पंगत उठल्यावर चंद्रहासराव निघू लागले. त्या कावळ्याला सदऱ्याखाली घेऊनच त्यांना जेवावे लागले होते; तारेचा एक पाय बरगडीत रुतत होता आणि विघ्नेशने दुसऱ्यांदा खीर वाढताना त्यांच्या पोटाकडे काळजीने पाहिले होते. दारात रंभाबाईंनी त्यांना थांबवले. आत दोन्ही मुले पाटावरच लवंडून घोरत होती.

"भाऊ, पितृपक्षात परत सुकेळी घालाल ना?"

चंद्रहासराव ओशाळले. "रंभाताई, तेव्हा पाऊस असतो. केळी वाळणार नाहीत."

रंभाबाईंनी एकवार मागे वळून झोपलेल्या हितेशकडे पाहिले. मग चंद्रहासरावांच्या सदऱ्याखालून बाहेर डोकावणारी करवंटीची चोच त्यांनी बोटाने हळूच आत ढकलली.

"केळी नसली तरी चालंल," त्या म्हणाल्या. "हा तेवढा वेळेवर टांगा. आनि मी खोकल्याशिवाय उतरवू नका."