मॉडेमपाड्याचे सरपंच

ज्या गावात एका वेळी एकच माणूस शिरू शकतो, त्या गावात ग्रामसभा कशी भरवायची, सांगता का मला? तुम्ही हसाल. पण आमच्या तात्यांनी ती भरवली, आठवडाभर चालवली आणि एका बेघराला घरही मिळवून दिले. खऱ्या गावांच्या किती सरपंचांना हे जमते?

तात्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. डोंबिवलीचे मूळचे आगरी. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्याच घरची, भाताची. एका रंगाच्या कंपनीत ते कंप्युटरवर पगाराचे काम करतात. पण कुणी विचारले, काय करता, तर सांगतात, "मी मॉडेमपाड्याचा सरपंच."

मॉडेमपाडा नकाशात सापडणार नाही. काही वर्षांपूर्वी माजिवड्याच्या एका इंजिनिअरने ते गाव आपल्या कंप्युटरमध्ये वसवले होते. ज्याच्याकडे कंप्युटर आणि मॉडेम, त्याने फोन लावायचा, टोपणनाव घ्यायचे आणि गावात हिंडायचे. चित्र एकही नाही, सगळे शब्दांचे. रोमन अक्षरांत 'विहीर' टाइप केले की विहिरीचे वर्णन पडद्यावर यायचे. मग इंटरनेट आले, इंजिनिअरला सारे जग मिळाले आणि एका दुपारी त्याने गाव पुसून टाकले. ना नोटीस, ना पुनर्वसन! धरणाखाली गाव जाते तेव्हा निदान मोर्चा तरी निघतो.

तात्यांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी एक सेकंडहँड कंप्युटर घेतला, घरचा फोन त्याला जोडला आणि आठवून आठवून गाव पुन्हा वसवले. फरक एवढाच की हे नवे गाव तात्यांसारखे बोलते. 'विहीर' टाइप करा, उत्तर येते, "पानी हाय. कलशी कया हाय तुझी?" म्हणजे, कळशी कुठे आहे? देवळात जायचे म्हटले की, "चपला भायेर!" मी एकदा चपला परत न घालताच फोन ठेवला, तर दुसऱ्या दिवशी त्या चोरीला गेलेल्या. तक्रार केली तेव्हा तात्या म्हणाले, "चोर नसला तं त्याला गाव कोन बोलंल रं?"

फोनची लाइन एकच. एक गावकरी बाहेर पडल्याशिवाय दुसरा आत येऊ शकत नाही, म्हणून सगळा व्यवहार दारावर निरोप ठेवून चालतो. गावदेवीच्या जत्रेत पालखी उचलायची कशी? तात्यांनी चार खांद्यांना चार वार नेमून दिले. सोमवारी 'घोरपड' नावाच्या भाविकाने आपला कोपरा उचलला आणि गुरुवारपर्यंत देवी तिरकीच बसून राहिली.

काकींचे दुःख वेगळे. "माझी भयीन फोन लावतं, तं तिच्या कानान ह्यांचा गाव किंकाली मारतं," असे त्या सगळ्या जिन्याला ऐकवतात. तात्या ते कौतुक म्हणून घेतात.

मी पत्रके वाटणारा माणूस. खरे नळ कोरडे असताना खोट्या विहिरीत पाणी भरणारे तात्या मला मुळीच पटत नव्हते. पण खोपटला आमची पत्रके छापतात त्या छापखान्यात मॉडेम होते. म्हटले, शत्रू आतून पाहावा. 'ठिणगी' नाव घेऊन शिरलो आणि पंधरवड्यात त्या गावच्या गटारांवरून भांडू लागलो.

जुने गावकरी एकेक करून परतले होते. एकच आले नव्हते, 'खडवली' नावाचे; कल्याणपुढच्या गावाचेच टोपणनाव घेतलेले. पिंपळाजवळ त्यांचे घर, दाराला कुलूप, आत दिवा. तो दिवा तात्या रोज लावत. आता अडचण अशी, की कंप्युटरची डिस्क भरली होती. एक घर पुसल्याशिवाय दुसरे बांधता येत नव्हते. त्यामुळे कल्याणचे एक बँकवाले महिनाभर देवळाच्या ओट्यावर मुक्काम करून होते.

मी पेटलो. एकीकडे कुलूपबंद घर आणि दुसरीकडे ओट्यावरचा माणूस! कसेल त्याची जमीन, तर राहील त्याचे घर. जिना चढून मी तात्यांना सुनावले, "खडवलीचे घर द्या. नाहीतर ही सरंजामशाही आहे."

"आसंल," तात्या म्हणाले. "दुसरा काय पन माग रं पोरा, ता घर नको."

"मग सभा घ्या."

"घेऊ."

एकेकाने यायचे आणि ओट्यावर मत ठेवून जायचे. आठवडा लागला. मते माझ्या बाजूने पडली, विरोधात एकटे सरपंच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शनिवारी गावात शिरलो, तर बँकवाले नव्या घरात राहायला गेलेले. पण पिंपळाजवळचे कुलूप जिथल्या तिथे. नाहीसे झाले होते ते सरपंचांचे स्वतःचे घर.

रविवारी सकाळी वर गेलो. "तात्या, तुमचे घर?"

"दिला त्याला. चांगला मानूस हाय, आल्या आल्या तुलस लावलीन."

"आणि तुम्ही?"

"माना कशाला? मी तं भायेरच अस्तो."

काकींनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. "सांगा की त्याला. पोर नुसता भांडतं, त्याला काय ठाव?"

मग तात्यांनी सांगितले. जुन्या गावात बाकीचे त्यांच्या बोलीला हसत. 'खडवली' मात्र रोज दारावर एक प्रश्न ठेवी : सुपाला तुमच्याकडे काय म्हणतात, खेकड्याला काय म्हणतात? तात्या उत्तर ठेवत. असे वर्षभर चालले. मग एक दिवस प्रश्नाऐवजी निरोप आला, 'उद्या ऑपरेशन. परत आल्यावर बोलू.' आणि त्याच आठवड्यात इंजिनिअरने गाव पुसले.

"बाप्या का बाई, ता पन माना ठाव नाय," तात्या म्हणाले. "इस्पितलातून घरी आयला असंल, फोन लावला असंल, आन गावच नाय. काय वाटला असंल रं त्याला?"

"हे खडवलीला जाऊन आलेत," काकी म्हणाल्या. "दारोदार इचारीत, तुमच्याकडे कंप्युटर हाय? लोकांना वाटला इकायला आलेत. एकाने हप्ता इचारला, एका म्हातारीने कुत्रा सोडला!" काकी हसल्या, तात्या त्यांच्याहून जास्त हसले. मग उठून कंप्युटरपाशी गेले. दिवा लावायची वेळ झाली होती.

आजवर मी पुष्कळ मागण्यांची पत्रके लिहिली, आज ही एकच मागणी. त्या दिवसांत तुम्ही माजिवड्याच्या गावात 'खडवली' या नावाने जात होता का? किंवा तसे कुणी तुमच्या घरात, शेजारात आहे का? असेल तर त्यांना सांगा, गाव पुन्हा वसले आहे, घर जागेवर आहे. मॉडेम नसले तरी चालेल, डोंबिवलीला पश्चिमेला उतरून मॉडेमवाले तात्या विचारा. आणि यायला जमत नसेल, तर कुणाकरवी एवढे तरी कळवा, की ऑपरेशन नीट झाले.